दारात थांबलेली दासी : ज्युडिथच्या चित्रफलकांच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

ग्रंथालयाच्या वरच्या दालनात मार्चमध्ये लावायच्या फलकांचा विषय आज पक्का झाला. बरोक काळातील, म्हणजे साधारण १६०० च्या आसपास सुरू झालेल्या कलाशैलीच्या काळातील, इटालियन चित्रकारांनी रंगवलेली ज्युडिथ, असा तो विषय आहे. एकूण ९ फलक होतील: एक कथेचा आणि आठ चित्रांचे. जी चित्रे भिंतीवर मावतील ती मूळ आकारातच छापायची आणि प्रत्येकाखाली सव्वाशे शब्दांपर्यंत मराठी मजकूर द्यायचा, असे ठरले. मजकूर माझ्याकडे आला आहे आणि काम पुढे सरकेल तशा या नोंदी ठेवण्याचे मी ठरवले आहे, कारण एखादा शब्द का घेतला आणि एखादी माहिती का गाळली हे दोन महिन्यांनी विचारले तर सांगता आले पाहिजे.

सुरुवात कथेपासूनच करावी लागणार, कारण ही कथा आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. त्याचे एक साधे कारण असे की 'ज्युडिथचा ग्रंथ' कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पंथांच्या बायबलमध्ये असला तरी ज्यूंच्या हिब्रू बायबलमध्ये आणि प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये तो नाही. ग्रंथ आज ग्रीक रूपात उपलब्ध आहे. असिरियाचा सेनापती होलोफर्नेस बेथुलिया या डोंगरावरच्या गावाला वेढा घालतो आणि गावाचे पाणी तोडतो. तहानेने गाव हवालदिल होते, तेव्हा पाच दिवसांत देवाने मदत केली नाही तर शरण जाऊ, असे गावातील वडीलधारे कबूल करून बसतात. मनश्शे नावाच्या शेतकऱ्याची ज्युडिथ ही विधवा. सातूच्या कापणीच्या वेळी शेतात ऊन लागून तिचा नवरा गेलेला असतो आणि तेव्हापासून ती गोणपाट नेसून उपास करत असते. ती या वडीलधाऱ्यांना बोलावून घेते, देवाला मुदत घालून देणारे तुम्ही कोण, असे खडसावते, मग न्हाऊन, दागिने घालून शत्रूच्या छावणीत जाते आणि चौथ्या रात्री होलोफर्नेसचे शीर घेऊन परत येते.

या ग्रंथात नबुखद्नेसरला असिरियाचा राजा म्हटले आहे. तो बाबिलोनचा राजा होता, हे इतिहासाच्या कोणत्याही वाचकाला माहीत असते. त्यामुळे कथेच्या फलकावर 'इतिहास' हा शब्द वापरायचा नाही, 'कथा' असाच वापरायचा.

९ जानेवारी

तेरावा अध्याय आज सावकाश वाचला आणि या कामाची दिशा मला तिथे सापडली. शिरच्छेदाच्या प्रसंगात दासी शयनगृहात नसतेच. रोजच्याप्रमाणे मी बाहेर येईपर्यंत दाराशी थांब, असे ज्युडिथने तिला सांगून ठेवलेले असते. ज्युडिथ एकटीच आत असते. पलंगाच्या खांबाला टांगलेली त्याचीच तलवार ती उतरवते, त्याचे केस धरते, बळ दे म्हणून प्रार्थना करते आणि मानेवर दोन घाव घालते. नंतर ती धड पलंगावरून खाली लोटते, बाहेर येते, शीर दासीच्या हाती देते आणि दासी ते शिदोरीच्या पिशवीत टाकते. मग दोघी दररोज रात्री प्रार्थनेला जात तशाच छावणीतून चालत बाहेर पडतात.

या पिशवीचा उल्लेख आधी दहाव्या अध्यायात येतो. शत्रूच्या अन्नाने विटाळ होऊ नये म्हणून ज्युडिथ आपले अन्न बरोबर नेते: द्राक्षारसाची कातडी बुधली, तेलाचे भांडे, भाजलेले धान्य, अंजिराच्या वड्या आणि शुद्ध भाकरी. हे ओझे दासीच वाहते. त्यामुळे पहारेकऱ्यांना ती पिशवी तीन दिवसांत सवयीची झालेली असते आणि चौथ्या रात्री तिच्यात काय आहे हे कोणी पाहत नाही. सगळी योजना त्या पिशवीवर आणि ती रोज वाहणाऱ्या बाईवर उभी आहे. आठव्या अध्यायात तर वडीलधाऱ्यांना बोलावून आणायलाही हीच बाई जाते आणि ज्युडिथच्या साऱ्या मालमत्तेचा कारभार तिच्याकडे होता, असे ग्रंथ सांगतो.

ग्रंथाने दाराशी उभ्या केलेल्या या बाईचे प्रत्येक चित्रकाराने काय केले, तिला आत आणली का, तिला किती वयाची केली आणि तिच्या हाती कोणते काम दिले, हाच आपल्या फलकांचा धागा ठेवायचा, असे मी मंडळींसमोर मांडले आणि ते मान्य झाले.

शब्दांचे दोन निर्णय आजच करून टाकले. चित्रकलेच्या पुस्तकांतून या बाईला 'आब्रा' असे नाव दिलेले दिसते. ग्रीक मजकुरात 'हाब्रा' हा शब्द विश्वासातली खास दासी या अर्थाने येतो आणि पुढे तो विशेषनामासारखा रूढ झाला. म्हणजे ग्रंथात तिला नाव नाही. आपण तिला 'दासी' म्हणायचे. 'मोलकरीण' हा शब्द जवळचा वाटला तरी तो पगारी नोकरीचा आहे, आणि सोळाव्या अध्यायात मृत्यूपूर्वी ज्युडिथ तिला मुक्त करते, तेव्हा ती बांधलेली होती हे शब्दातून कळले पाहिजे. जुन्या मराठी कागदपत्रांतील 'बटीक' हा शब्द अर्थाने अचूक आहे, पण आज तो शिवीसारखा ऐकू येतो, म्हणून सोडला.

दुसरा शब्द पलंगावरच्या छताचा. ज्युडिथ शिराबरोबर हे छतही काढून नेते आणि गावकऱ्यांना दाखवते. ग्रीकमध्ये तो शब्द 'कोनोपेइओन' आहे आणि 'कोनोप्स' म्हणजे डास. सोने आणि रत्ने विणलेली असली तरी ती मच्छरदाणीच आहे. फलकावर मी 'मच्छरदाणी' असेच लिहिणार आहे. चित्रकारांनी तिचा बहुतेक जड लाल पडदा केला, ही गोष्ट मग आपोआप नजरेत येईल.

१४ जानेवारी

बरोकच्या आधीच्या काळासाठी कथेच्या फलकावर दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त जागा नाही. शिल्पकार दोनातेल्लोचा ब्राँझचा ज्युडिथ-होलोफर्नेस पुतळा फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या वाड्यात होता. १४९५ मध्ये, मेदिचींना शहरातून घालवल्यावर, फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने तो नगरसभेच्या दारापुढे आणून ठेवला. जुलमी सत्तेचा अंत असा त्याचा अर्थ लावला गेला. १५०४ मध्ये मायकेलअँजेलोचा डेव्हिड कुठे ठेवावा याची चर्चा झाली, तेव्हा सभेच्या दवंडीदाराने हा पुतळा अशुभ आहे आणि स्त्रीने पुरुषाला मारणे शोभत नाही, असे म्हटले होते. डेव्हिडने त्या जागेवरून ज्युडिथला हलवले. हे वाक्य फलकावर हवेच.

१५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने ज्युडिथचा ग्रंथ पवित्र ग्रंथांच्या यादीत ठामपणे कायम केला. प्रोटेस्टंटांनी जो ग्रंथ बाजूला ठेवला, त्याच ग्रंथातील स्त्री कॅथलिक चर्चच्या दृष्टीने पाखंडावर विजय मिळवणाऱ्या धर्माचे रूप ठरली. १६०० च्या आसपास रोममध्ये या चित्रांना मागणी असण्याचे हे एक मोठे कारण आहे. तलवार, रेशमी वस्त्र आणि सुंदर स्त्री एकाच चौकटीत मिळते, हे दुसरे कारण धनिकांच्या दिवाणखान्यांसाठी पुरेसे होते.

१९ जानेवारी

आज काराव्हाज्जोचा फलक. हे चित्र १५९९ च्या सुमाराचे आणि रोममधील पालाझ्झो बार्बेरिनी येथे आहे. ओत्ताव्हिओ कोस्ता या सावकारासाठी ते रंगवले गेले. त्यानंतर ते दीर्घकाळ विस्मृतीत गेले, १९५० च्या सुमारास पुन्हा उजेडात आले आणि पुढच्याच वर्षी मिलानच्या काराव्हाज्जो प्रदर्शनात लोकांसमोर आले. मोजमाप १४५ × १९५ सेंटिमीटर, म्हणजे उंचीपेक्षा रुंदी जास्त. त्यामुळे पडद्यापुढे नाटकातील पात्रे ओळीने उभी असावीत तशी तिघांची मांडणी होते.

छापील पुस्तकात हे चित्र मी अनेकदा पाहिले होते, पण पडद्यावर मूळ आकाराइतके मोठे करून पाहिल्यावर नजर ज्युडिथच्या कपाळावर अडकली. भुवयांच्या मध्ये एक उभी घडी आहे. दोन्ही हात ताणलेले आहेत आणि बाकीचे सगळे शरीर मागे सरते आहे, जणू हातांना करावे लागते आहे त्यापासून ते दूर राहू पाहते. कानातल्या मोत्यावर काळ्या फितीची छोटी गाठ आहे. होलोफर्नेसचे डोळे उघडे आहेत आणि तो जिवंत आहे. क्ष-किरण तपासणीत असे दिसले की काम चालू असताना काराव्हाज्जोने त्याचे डोके धडापासून किंचित दूर, उजवीकडे सरकवले. पाते किती आत गेले आहे हे दाखवण्यासाठी त्याने हा अंगुळभर फरक केला, असे मला वाटते.

दासी अगदी उजव्या कडेला आहे. ती आत आली आहे. पण ती वृद्ध आहे, चेहरा सुरकुत्यांचा, हनुवटी पुढे आलेली, दोन्ही मुठींत शीर घेण्यासाठी धरलेले फडके. ग्रंथात ती म्हातारी असल्याचे कुठेही म्हटलेले नाही. तरुण आणि वृद्ध, गोरी त्वचा आणि करपलेली त्वचा अशी जोडी शेजारी ठेवली की तारुण्य अधिक खुलते, ही त्या काळच्या चित्रकारांची सवय होती आणि म्हातारी दासी मुळात त्या सवयीतून आली आहे. तरीही काराव्हाज्जोने तिला नुसती पार्श्वभूमी केलेले नाही. चित्रात निर्धार आहे तो तिच्याच डोळ्यांत. ज्युडिथला जे करताना किळस येते आहे, ते पूर्ण झालेले पाहण्याची या म्हातारीला घाई आहे. मात्र ती हात लावत नाही, मदत करत नाही, वाट पाहते. दार ओलांडूनही ती दारातच उभी आहे.

फलकाचा मजकूर याच वाक्यावर संपवला.

२६ जानेवारी

सुट्टीचा दिवस असल्याने दोन लहान फलक उरकले.

फेदे गालिझिया ही मिलानमधील चित्रकार. तिची १५९६ ची ज्युडिथ अमेरिकेत सारासोटा येथील रिंगलिंग संग्रहालयात आहे. रक्ताचा थेंब जवळजवळ नाही. मोती, सोने आणि जरतार मात्र इतकी बारकाईने रंगवली आहेत की एकेक टाका मोजता यावा. दासी मागे अंधारात आणि म्हातारीच. हा फलक काराव्हाज्जोच्या आधी लावायचा.

क्रिस्तोफानो आल्लोरीच्या १६१३ च्या चित्राचा, जो आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, मजकूर लिहिणे सोपे गेले, कारण त्यामागची हकीकतच बोलकी आहे. जुन्या चरित्रकारांच्या सांगण्याप्रमाणे ज्युडिथ म्हणजे आल्लोरीची प्रेयसी माझ्झाफिर्रा, शेजारची म्हातारी दासी म्हणजे तिची आई, आणि हातात लोंबणारे शीर स्वतः आल्लोरीचे. चित्र देखणे आहे. ज्युडिथचा पिवळा जरीचा झगा कितीही वेळ पाहावा. पण इथे कथा चित्रकाराच्या स्वतःच्या प्रेमभंगापुरती आक्रसली आहे आणि बेथुलियाची तहान, पाच दिवसांची मुदत, पिशवी यांचे काहीच उरलेले नाही, असे माझे मत आहे. मजकुरात ते सौम्य शब्दांत लिहिले.

२ फेब्रुवारी

आर्तेमिसिया जेंतिलेस्कीचा पहिला फलक. नेपल्समधील कापोदिमोंते संग्रहालयातील हे चित्र १६१२-१३ च्या सुमाराचे, म्हणजे ती जेमतेम १९-२० वर्षांची असतानाचे. आकार साधारण १५९ × १२६ सेंटिमीटर. मूळ कापड याहून मोठे होते, नंतर ते छाटले गेले.

दासी इथे तरुण आहे. एवढा एकच बदल केला असता तरी चित्र वेगळे झाले असते, पण आर्तेमिसियाने तिला चित्राच्या मध्यावर, सगळ्यात वर चढवली आहे. दोन्ही हात कोपरात न वाकवता ती सरळ खाली दाबून आहे आणि होलोफर्नेसची मूठ तिच्या हनुवटीखाली, गळ्याशी आली आहे. तो ज्युडिथशी झुंजतच नाही, त्याची सगळी ताकद या दासीला ढकलण्यात चालली आहे. ज्युडिथने बाह्या वर सारल्या आहेत, डाव्या हाताने केसांत मूठ घालून डोके गादीत दाबले आहे आणि उजव्या हाताने तलवार ओढते आहे. तिघांचे सहा हात मध्यावर एकमेकांत गुंततात आणि कोणता हात कोणाचा हे पाहायला क्षणभर थांबावे लागते.

हे शब्दांत कसे मांडावे ते सुचेना, म्हणून संध्याकाळी दालन बंद झाल्यावर आम्ही तिघांनी ते करून पाहिले. दोन टेबले जोडून त्यावर सतरंजी टाकली, एक तरुण सहकारी उताणा झोपला, मी ज्युडिथच्या जागी आणि ग्रंथालयात देवघेव सांभाळणाऱ्या ताई दासीच्या जागी उभ्या राहिल्या. तलवारीऐवजी लाकडी पट्टी घेतली. काराव्हाज्जोच्या ज्युडिथप्रमाणे मी एकटीने मागे रेलून केस धरले, तेव्हा तो सहज उठून बसला. हात लांबवून उभे राहिले की अंगाचे वजन समोरच्यावर येतच नाही. मग ताईंनी वरून दोन्ही तळवे त्याच्या छातीवर टेकले, कोपरे ताठ केली आणि पुढे झुकल्या. आता त्याला उठता येईना आणि मलाही माझे काम करायला दोन्ही हात मोकळे झाले. ताई म्हणाल्या, "हे तर रोजचंच आहे. मूल औषध घेईना तेव्हा एकीनं धरायचं आणि दुसरीनं चमचा घालायचा." मी पट्टी खाली ठेवली आणि ते वाक्य जसेच्या तसे वहीत लिहून घेतले. फलकावर ते येणार नाही, पण चित्र पाहणाऱ्याला मी तोंडी नक्की सांगेन.

ज्युडिथचा झगा निळा, दासीचा लाल. दोघींच्या चेहऱ्यांवर किळस नाही आणि आनंदही नाही. अवघड काम करणाऱ्या माणसाची एकाग्रता आहे. या चित्राच्या क्ष-किरण तपासणीत हात आणि वस्त्रे यांच्या जागा बदललेल्या दिसल्या, म्हणजे हातांची ही गुंफण एका दमात सुचलेली नाही, कापडावर पुन्हा पुन्हा करून मिळवलेली आहे.

५ फेब्रुवारी

चरित्राचा मजकूर किती द्यायचा यावर आज दीड तास चर्चा झाली. घटना थोडक्यात अशा. आर्तेमिसियाचा जन्म १५९३ चा, रोमचा. वडील ओराझिओ हे चित्रकार आणि तेच तिचे गुरू. १६११ मध्ये वडिलांचा सहकारी चित्रकार आगोस्तीनो तास्सी याने तिच्यावर बलात्कार केला. १६१२ मध्ये खटला सुमारे सात महिने चालला. साक्ष खरी की खोटी हे तपासण्यासाठी तिच्या बोटांना दोऱ्या आवळण्यात आल्या आणि तशाही स्थितीत ती 'खरे आहे, खरे आहे' म्हणत राहिली. तास्सी दोषी ठरला, त्याला रोमबाहेर जाण्याची शिक्षा झाली आणि ती प्रत्यक्षात फारशी अमलात आली नाही. खटला संपताच तिचे फ्लॉरेन्सच्या एका माणसाशी लग्न झाले आणि ती त्या शहरात राहायला गेली.

हे चित्र म्हणजे तास्सीवर उगवलेला सूड, असे जिथे तिथे लिहिलेले आढळते. घटना आणि चित्र यांच्या तारखा लागून आहेत, त्यामुळे हे नाते कोणी नाकारणार नाही आणि मीही नाकारत नाही. पण फलकावर केवळ तेवढेच लिहिले, तर पाहणारा चित्राकडे न पाहता तिच्या दुःखाकडे पाहील आणि हातांची ती गुंफण करणारी चित्रकार त्याला दिसणारच नाही. माझे म्हणणे असे होते की खटल्याला दोन वाक्ये द्यावीत आणि उरलेली जागा चित्राला.

चर्चेत एक गोष्ट मी सांगितली आणि ती मजकुरात घ्यावी असे सर्वांनाच वाटले. खटल्याच्या कागदपत्रांत तुत्झिया नावाच्या बाईचा उल्लेख येतो. ती त्याच घरात भाड्याने राहत होती आणि आई नसलेल्या आर्तेमिसियाला तिचीच सोबत होती. आर्तेमिसियाच्या साक्षीप्रमाणे त्या दिवशी तिने तुत्झियाला हाक मारली आणि तुत्झिया आली नाही. दुसऱ्या बाईने हाकेसरशी यावे, जवळ उभे राहून नुसते पाहू नये, तर वजन टाकून धरावे, हे ज्या चित्रात आहे ते चित्र रंगवणारी मुलगी ही साक्ष देऊन नुकतीच बाहेर पडली होती. हा माझा तर्क आहे, आणि मजकुरात तो तर्क म्हणूनच लिहिला आहे.

११ फेब्रुवारी

फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातील आर्तेमिसियाचे दुसरे चित्र, साधारण १६२० चे. मांडणी तीच, पण आता ती फ्लॉरेन्समध्ये नाव मिळवलेली चित्रकार आहे. १६१६ मध्ये तिथल्या चित्रकारांच्या अकादमीत प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री. ज्युडिथचा झगा निळ्याऐवजी सोनेरी, दासी निळ्यात, होलोफर्नेसवर लाल मखमली पांघरूण, तलवार अधिक लांब आणि ज्युडिथच्या मनगटात कडे. नेपल्सच्या चित्रात रक्त गादीच्या घड्यांतून झिरपत खाली येते. इथे त्याच्या चिळकांड्या कमानीसारख्या उडतात आणि ज्युडिथच्या छातीवर बारीक ठिपके पडतात. वर फेकलेली वस्तू कोणत्या वक्रातून खाली येते याचा अभ्यास करणारा गॅलिलिओ फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात होता आणि आर्तेमिसियाशी त्याचा परिचय होता, म्हणून काही अभ्यासक या कमानींचे नाते त्याच्याशी जोडतात. परिचयाचा पुरावा मात्र पक्का आहे. तिथला राज्यकर्ता महाड्यूक कोसिमो दुसरा याच्यासाठी केलेल्या ज्युडिथच्या चित्राचे पैसे गॅलिलिओच्या मध्यस्थीने मिळाले, याची आठवण तिने १६३५ मध्ये नेपल्सहून त्याला लिहिलेल्या पत्रात काढली आहे.

सही तलवारीच्या पात्यावर आहे: 'मी आर्तेमिसिया लोमी हिने केले', अशा अर्थाचे लॅटिन शब्द. लोमी हे तिच्या घराण्याचे फ्लॉरेन्समध्ये वापरलेले आडनाव. फलकावर या भागाचे वेगळे मोठे छायाचित्र लावायचे ठरले.

१७ फेब्रुवारी

ओराझिओ आणि आर्तेमिसिया, बाप आणि लेक, यांचे दोन फलक शेजारी येतील. ओराझिओचे ऑस्लोमधील चित्र १६०८-०९ च्या सुमाराचे. घाव घालून झाला आहे, शीर टोपलीत आहे, दासी पाठमोरी आहे आणि दोघी कसलीशी चाहूल घेत थांबल्या आहेत. म्हणजे तरुण दासी आणि तिच्या खांद्यावर ज्युडिथचा हात ही कल्पना लेकीला घरातच मिळाली होती. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण नाहीतर सगळे श्रेय खटल्याला जाते आणि बापाच्या कार्यशाळेतील शिक्षणाला काहीच उरत नाही. फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यातील आर्तेमिसियाचे चित्र, १६१८-१९ चे, याच मांडणीवर उभे आहे. फरक इतकाच की तिने दोघींना अगदी जवळ आणले, कॅनव्हासच्या चौकटीत त्या जेमतेम मावतात, तलवार खांद्यावर टेकली आहे आणि टोपलीच्या वेताच्या विणीतून रक्त ठिबकते आहे.

ओराझिओने पुढे हाच विषय पुन्हा रंगवला. अमेरिकेतील हार्टफर्डच्या संग्रहालयातील त्या चित्रात टोपली दोघींच्या मध्ये आहे आणि दोघींच्या नजरा दोन दिशांना आहेत, म्हणजे एकीच्या पाठीमागचे दुसरी पाहते. ते चित्र घ्यायला जागा नाही याचे वाईट वाटते.

२२ फेब्रुवारी

आज छपाईची नमुनाप्रत आली आणि अमेरिकेत डेट्रॉइट येथे असलेल्या चित्राचा फलक बाद करावा लागला. १६२३-२५ च्या सुमाराचे आर्तेमिसियाचे हे चित्र माणसाच्या उंचीचे, साधारण १८४ × १४२ सेंटिमीटर. सगळा प्रकाश टेबलावरच्या एका मेणबत्तीचा. नमुन्यात अंधाराचे सगळे भाग एकसारखे काळे उतरले, गुडघ्यावर बसलेली दासी खांद्यापासून खाली नाहीशी झाली आणि तिच्या हातातील पिशवी तर दिसतच नव्हती. ज्या बाईसाठी एवढा खटाटोप केला, तीच नेमकी गडप झाली. चूक फाइलमध्ये होती. पडद्यावर बरे दिसावे म्हणून मी गडद भाग अधिक गडद केले होते. ते मूळ पातळीवर आणले, चकचकीत कागदाऐवजी मॅट घेतला आणि सावलीच्या भागाची हातभर रुंदीची पट्टी आधी छापून पाहिली. त्या पट्टीत दासीची बोटे आणि फडक्याच्या घड्या स्पष्ट आल्या, तेव्हा पूर्ण फलकाला परवानगी दिली.

संध्याकाळी घरी दिवे मालवून मेणबत्तीपुढे हात धरून पाहिला. ज्युडिथने ज्योतीसमोर तळहात आडवा धरला आहे आणि त्याची सावली तिच्या चेहऱ्यावर चंद्रकोरीसारखी पडली आहे. तंबूबाहेर कोणी आहे का, हे पाहताना डोळे दिपू नयेत म्हणून माणूस आपसूक तसा हात धरतो, हे मला माझ्या हातावरून कळले. टेबलावर होलोफर्नेसचा लोखंडी हातमोजा पडला आहे. दोघींनीही एकाच क्षणी काम थांबवले आहे, आवाज बाहेरून आला आहे. ग्रंथात दोघी नेहमीच्या वाटेने निघून गेल्या एवढेच आहे. निघण्याआधीचा हा श्वास रोखलेला क्षण चित्रकर्तीने स्वतः शोधला आहे. माझ्या दृष्टीने आठ चित्रांत हे सर्वश्रेष्ठ, आणि त्याला जास्त शब्द दिल्याबद्दल कोणी तक्रार केली तर मी ऐकून घेईन.

१ मार्च

फलक लागले. शाळेतील मुले येतील, तर शिरच्छेदाची तीन चित्रे त्यांच्यासमोर असावीत का, असा प्रश्न समितीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारला आणि तो योग्यच होता. ती तीन चित्रे आतल्या भिंतीवर घेतली आणि कथेचा फलक सगळ्यांच्या आधी ठेवला, म्हणजे कोण कोणाला का मारत आहे हे कळल्याशिवाय कोणी तिथवर पोचणार नाही. चित्रांची उंची ठरवताना नेहमीप्रमाणे मध्यरेषा न धरता दासीचे डोळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतील असे पाहिले. काराव्हाज्जोच्या चित्रासाठी ते सहज जमले. नेपल्सच्या चित्रात ती वर असल्याने फलक वीतभर खाली घ्यावा लागला.

डेट्रॉइटच्या फलकाखालचा मजकूर शेवटी छोटाच ठेवला. त्यात मेणबत्ती आहे, सावली आहे, आणि सोळाव्या अध्यायातील हकीकत आहे: ज्युडिथ १०५ वर्षे जगली, तिने पुन्हा लग्न केले नाही आणि मरण्यापूर्वी तिने आपल्या दासीला मुक्त केले. हा फलक भिंतीच्या ज्या टोकाला लावला आहे, तिथे त्या दोघी ज्या बाजूला कान देऊन आहेत त्या बाजूलाच दालनाचे दार येते.